आठांतल्या चार

फायबरवाला अय्याज हॉलमध्ये पांढरी डबी ठोकून गेला.
म्हणाला, काकू, आमचं काम इथपर्यंत.
पुढे तुमचं घर, तुमच्या भिंती.

उत्तमनगरचं रो-हाऊस.
खालचं सिडकोने बांधलं, वरचं आम्ही,
आणि मधला स्लॅब चढताना
वायफायला धाप लागते.
वरच्या खोलीत तेजल रात्रभर
कुठल्याकुठल्या माणसांच्या छातीचे एक्स-रे उघडते.
एकेक फोटो उतरतो
थंडीतल्या खोबरेल तेलासारखा.

एमजी रोडवरून मी घेऊन आले
चाळीस मीटर कॅट-सिक्स, क्रिम्पर, टेस्टर,
प्लगांची पुडी.
दुकानदाराने विचारलं, मिस्त्री कोण आहे तुमचा?
बावीस वर्षं सातपूरला पॅनेल वायरिंग केलंय मी.
म्हटलं, आहे एक. जरा म्हातारी आहे.

स्लॅबमधून जुन्या टेलिफोनचा पाइप जातो.
फोन कधीच भंगारात गेला,
त्याची दोन तारांची लाइन आत तशीच, कुणी न बोलावलेली.
तिच्या शेपटीला नवी केबल बांधली,
काळी टेप निमुळती गुंडाळली,
वरून टाल्कम पावडर,
आणि जिन्यावरून यांना वर धाडलं.
ओढा म्हटलं की ओढायचं. बाकी काही नाही.

आडगावचा प्लॉट यांनी न विचारता विकला,
त्याला संक्रांतीला चार वर्षं होतील.
भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं.
गॅस संपला. बिल भरलं. पाणी आलं.
एवढ्यावर घर चालतं.
खोटं कशाला सांगू, चालतं.

ओढा.
हातभर सरकली.
ओढा.
बेंडपाशी अडली.
ढिली सोडा जरा, म्हटलं,
आणि पाइपाला कान लावला.
आतून यांचा श्वास आला,
जेवायला समोर बसतात तेव्हाही येत नाही
इतका जवळ.
मग आलं, कुमुद.
चार वर्षं नुसतं ‘अगं’ होतं ते.
कुमुद, तुला विचारायला हवं होतं.

पावडरचा चिमूटभर धूर माझ्या मनगटावर पडला.
मी पाइपात तोंड घालून म्हटलं,
ओढा.

निघाली केबल.
जुनी लाइन वर यांच्या पायांशी भेंडोळं होऊन पडली.

चष्मा चढवून तारा लावल्या ओळीने:
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.
दाबलं. टक्.
तेजलने लॅपटॉप जोडला, म्हणाली, आई, लागलं!
बघितलं तर आकडा चौऱ्याण्णव.
पैसे हजारचे भरलेले.

ही कॅट-सिक्स मोठी समजूतदार.
आठांतल्या चार तारा लागल्या तरी बोलते,
बाकीच्या चारांची चहाडी करत नाही.
दिवा लागतो, पान उघडतं,
कुणाला संशय येत नाही वर्षानुवर्षं.
मला आला. टेस्टर लावला.
एक दोन तीन चार पाच सहा,
आणि मग दोनदा काळोख.
तपकिरी जोडी टोकापर्यंत पोचलीच नव्हती,
अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबलेली.

प्लग कापून फेकला. नवा घेतला.
यांनी बॅटरी धरली, हात थरथरत होता,
उजेड सारखा माझ्या अंगठ्यावरून घसरत होता.
नीट धरा, म्हटलं.
पुष्कळ दिवसांनी रागाने म्हटलं.
यांनी दोन्ही हातांनी धरली.

नऊशे एकेचाळीस.
तेजल बघतच राहिली. कुणा परक्याची छाती
एका टिचकीत, बरगडीन् बरगडी.

वरच्या प्लेटचे स्क्रू यांनी पिळून टाकले.
खालच्या प्लेटचा एक अजून माझ्या डब्यात आहे,
मापाचा नाही म्हणते मी.
दुपारी ती डावीकडे सरकवली
की भोक दिसतं,
आणि वर कुणी खुर्ची ओढली तरी कळतं.